देशोदेशी काम केलेल्या माणसाची स्मरणिका कशी काढावी

मेडिकलमधून एम.बी.बी.एस. होऊन जागतिक आरोग्य संघटनेत गेलेले डॉक्टर, युनिसेफच्या पाणी योजनांवर राबलेले इंजिनिअर, कामठीच्या लष्करी गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्रातून शांतिसेनेत गेलेले फौजी, आफ्रिकेतल्या मिशनच्या दवाखान्यात उमेदीची वर्षं घालवून परतलेल्या नर्सबाई. नागपुरात अशी माणसं धरमपेठेत, महालात, प्रतापनगरात शांतपणे निवृत्तीचे दिवस काढतात. जाताना मागे ठेवतात चार-पाच जुने पासपोर्ट आणि एक पेटी. मग घरचे ठरवतात, काहीतरी काढू या.

अशी स्मरणिका फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. देश मोजले जातात, काम सांगितलं जात नाही. ‘अनेक देशांत प्रवास केला, विविध पदं भूषवली, असंख्यांच्या आयुष्यात प्रकाश आणला’ हे वाक्य कुणालाही लावता येतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. एक गाव, तिथलं एक काम, त्याची तारीख, सोबत कोण होतं, पुढे त्याचं काय झालं, एवढं नीट सांगितलं तर माणूस उभा राहतो.

नागपूरपुरतं एक उदाहरण पाहा. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले, ते सर्वांना माहीत आहेत. नागपूरचे डॉ. चोळकर परत आले, आणि त्यांचं नाव आज नागपुरातच विचारत फिरावं लागतं. परतलेल्या माणसाचं काम कुणी लिहून ठेवलं नाही तर ते एका पिढीत पुसलं जातं.

घाई कुठे करायची, कुठे नाही

तीन वेगळी कामं आहेत. ती एकत्र केली की तिन्ही बिघडतात. पहिलं वर्तमानपत्रातलं निधनवृत्त. ते त्याच दिवशी द्यावं लागतं आणि त्यात नाव, वय, कामाची एक ओळ, अंत्ययात्रेची वेळ आणि घाट एवढंच पुरे. दुसरी स्मृतिसभा, ती तेराव्यापर्यंत किंवा त्यानंतरच्या रविवारी. तिसरी स्मरणिका, ती पहिल्या स्मृतिदिनाला काढा. तेराव्याला स्मरणिका वाटण्याचा हट्ट धरला तर हाती येतं ते फोटो आणि कवितांचं चोपडं. परदेशातल्या जुन्या सहकाऱ्यांचे पत्ते बदललेले असतात, कुणी आजारी असतं, उत्तर यायला दोन-तीन महिने सहज जातात. संयुक्त राष्ट्रांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटना भारतासह बऱ्याच देशांत आहेत. त्यांना पहिल्या आठवड्यातच कळवा, ओळखीची माणसं तिथूनच पुढे येतात.

निधनवृत्तातली आणि पत्रिकेतली भाषा घराप्रमाणे ठरते. बौद्ध कुटुंबात ‘कै.’ किंवा ‘स्वर्गीय’ चालत नाही. तिथे ‘कालकथित’ किंवा ‘स्मृतिशेष’ लिहितात आणि कार्यक्रम पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आदरांजलीचा, असतो. मजकूर टाइप करणारा सवयीने ‘कै.’ लावून मोकळा होतो, तेव्हा छापायला जाण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.

पेटी उघडल्यावर

आधी काहीही लावू नका, फेकू नका. कागद ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकाच लिफाफ्यातली पत्रं, पावती आणि फोटो हे बहुधा एकाच प्रसंगाचे असतात. ‘नीट लावून ठेवते’ म्हणून कुणी मोठ्या-लहान आकाराप्रमाणे गठ्ठे केले की तो धागा तुटला. गोदरेजचं कपाट आणि माळ्यावरची सुटकेस तर पाहालच, पण मृत व्यक्तीच्या बहिणीकडे, मोठ्या भावाकडेही विचारा. परदेशातून माणूस पत्रं लिहितो ती स्वतःच्या घरी नव्हे, आईच्या घरी.

पासपोर्ट हा कणा. जुने सगळे हवेत. बरेचदा ते एकमेकांना स्टेपल करून जोडलेले असतात. कोरी सोडून प्रत्येक पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. पुसट शिक्का खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरला की वाचता येतो. आगमन आणि निर्गमनाचे शिक्के लागोपाठच्या पानांवर असतील असं समजू नका. अधिकारी जिथे जागा दिसेल तिथे ठोकतो. शेवटचा पासपोर्ट मुदतीतला असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी पासपोर्ट कार्यालयात द्यावा लागतो, म्हणून त्याचं स्कॅन आधी उरका.

पासपोर्टमध्ये खोचलेलं पिवळं पुस्तक दिसलं तर टाकू नका. ते आंतरराष्ट्रीय लसीकरणाचं कार्ड. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस कुठल्या केंद्रात, कोणत्या तारखेला टोचली हे त्यावर शिक्क्यासह असतं. पूर्वी ही लस दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागे, म्हणून एकाच कार्डावर दोन-तीन नोंदी सापडतात. आफ्रिकेची पहिली वारी कधी हे घरात कुणाला आठवत नसेल, तर उत्तर बहुधा इथे असतं.

नोकरीच्या तारखांसाठी आठवणीवर जाऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत ‘पर्सोनेल अ‍ॅक्शन’ नावाचा कागद दर बदलीला आणि बढतीला निघतो. तो आणि पेन्शन फंडाचं पत्र मिळालं की पद, ठिकाण, तारीख पक्की होते. नोकरीचा प्रकारही त्यातून स्पष्ट होतो. कायम कर्मचारी, ठरावीक मुदतीचा सल्लागार, संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक आणि भारत सरकारने ‘आयटेक’ योजनेतून पाठवलेला तज्ज्ञ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. नातेवाईक चौघांनाही सरसकट ‘यूएनमध्ये होते’ म्हणतात. आयटेक १९६४ पासूनची भारताची स्वतःची योजना आहे, तिचा संयुक्त राष्ट्रांशी संबंध नाही. यात चूक छापली तर जिनिव्हातला जुना सहकारी ती वाचेल आणि पहिल्याच पानावर त्याचा विश्वास उडेल.

फौजी माणसाच्या बाबतीत पदकाची फीत पाहा. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेनेची पदकं बहुतेक एकसारखी दिसतात, पण बहुतेक मोहिमांच्या फितीचे रंग आणि पट्टे वेगळे असतात. काँगोची कोणती, गाझाची कोणती हे त्यावरून ठरतं. फीत बदलून दुसरी लावलेली असू शकते. म्हणून सर्व्हिस बुकाशी ताडून पाहा. पदक पॉलिश करू नका.

तारखा आणि गावं: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

एक मोठी तक्ता-वही करा, एक्सेल असेल तर उत्तम. रकाने असे: कधीपासून, कधीपर्यंत, गाव, देशाचं तेव्हाचं नाव, आजचं नाव, संस्था, पद, पुरावा काय, अजून कुणाला विचारायचं. पुराव्याच्या रकान्यात ‘शिक्का’, ‘नियुक्तिपत्र’, ‘पत्र’, ‘आठवण’ यांपैकी एक शब्द लिहा. ज्या ओळीत फक्त ‘आठवण’ आहे ती छापताना ‘सुमारे’ लावून छापा.

देशांची नावं बदलतात. झाईर हे नाव १९७१ ते १९९७ एवढंच होतं, आज तो काँगो लोकशाही प्रजासत्ताक. अप्पर व्होल्टा १९८४ मध्ये बुर्किना फासो झाला, दाहोमे १९७५ मध्ये बेनिन, सिलोन १९७२ मध्ये श्रीलंका, ऱ्होडेशिया १९८० मध्ये झिंबाब्वे. मजकुरात तेव्हाचं नाव ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे स्वल्पविरामानंतर ‘आजचा अमुक’ लिहा. सगळीकडे आजचं नाव घातलं की पत्रातला मजकूर आणि लेखातला मजकूर जुळत नाही.

तारखांचा घोळ त्याहून वाईट. अमेरिकी पद्धतीच्या कागदावर ०४/०७/१९७६ म्हणजे ७ एप्रिल, आपल्याकडे ४ जुलै. नेपाळमधल्या कागदावर विक्रम संवत असतो, तो इसवी सनाच्या ५६-५७ वर्षं पुढे. थायलंडचा बौद्ध संवत ५४३ वर्षं पुढे. इथिओपियाचं पंचांग तेरा महिन्यांचं आणि इसवी सनाच्या सात-आठ वर्षं मागे, त्यांचं नवं वर्ष सप्टेंबरात लागतं. तिथल्या प्रशस्तिपत्रावर १९६६ दिसलं म्हणून काकाजी १९६६ मध्ये आदिस अबाबाला होते असं होत नाही. ते १९७३ किंवा १९७४ असतं.

आता दाव्यांची तपासणी. शोकाच्या भरात लिहिणारे मोठं लिहितात, त्यात खोटेपणा नसतो. पण तपासायलाच हवं. ‘१९७८ साली सोमालियात देवीच्या साथीत शेकडो रुग्ण वाचवले’ असं वाक्य आलं तर थांबा. नैसर्गिकरीत्या झालेला देवीचा जगातला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातच सापडला. त्यानंतर तिथे गेलेले लोक पाळतीच्या कामावर होते. गावोगाव फिरायचं, पुरळ आलेलं प्रत्येक मूल पाहायचं, नमुना पाठवायचा, आणि ‘देवी नाही’ याची खात्री करत राहायचं. मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी गेल्याचं जाहीर केलं ते या कंटाळवाण्या पायपिटीच्या जोरावर. खरं काम लिहिलेल्या दाव्यापेक्षा जास्त रंजक निघालं, असं अनेकदा होतं.

तसंच नोबेलचं. १९८८ चा शांतता पुरस्कार संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला मिळाला, १९६५ चा युनिसेफला. त्या संस्थेत काम केलं म्हणून ‘नोबेल विजेते’ लिहिणं चूक. रोटरीचं ‘पॉल हॅरिस फेलो’ हेही सेवेबद्दलचं पारितोषिक नाही. रोटरी फाउंडेशनला एक हजार डॉलर दिल्याबद्दल, किंवा कुणी तुमच्या नावे दिल्याबद्दल मिळणारा तो मान आहे. लिहा, पण जे आहे ते लिहा.

फोटो

सत्तर-ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम हे फोटोंचे शत्रू. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांचा गोंद पाझरतो आणि फोटो पानाला धरतो. ओढून काढाल तर मागचा थर फाटेल. दात साफ करायचा मेणाशिवायचा दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरी सुटला नाही तर राहू द्या, पानासकट स्कॅन करा. हेअर ड्रायरचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका.

पोस्टकार्डाएवढा फोटो छापायला ३०० डीपीआय पुरतं, लहान फोटो मोठा करायचा असेल तर ६००. स्लाइड असतील तर २४०० च्या खाली नको, आणि त्या साध्या स्कॅनरवर होत नाहीत, स्टुडिओत द्याव्या लागतात. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छपाईला बाद समजा. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं स्पष्ट सांगा.

फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा उठाव पुढच्या बाजूला दिसतो. मागे आधीच काही लिहिलं असेल तर ती बाजूही स्कॅन करा. गटफोटोतल्या सगळ्यांची नावं मिळवायचा प्रयत्न करा. साहेबाचं नाव आणि बाकीचे ‘स्थानिक कर्मचारी’ अशी ओळ छापू नका. त्या ड्रायव्हरने आणि दुभाषाने ते काम निम्मं केलेलं असतं. नाव मिळत नसेल तर ‘उजवीकडून दुसरे, नाव मिळाले नाही’ लिहावं.

माणसांना बोलतं करणं

‘ते कसे होते?’ असं विचारलं की ‘फार मोठ्या मनाचे’ हेच उत्तर येणार. प्रश्न छोटे, वस्तूंवर बोट ठेवणारे हवेत. ऑफिसला कशाने जायचे? पाणी कुठून यायचं? डब्यात काय असायचं? कोणत्या गोष्टीवरून भांडण झालं होतं? पगार आला की पहिली मनिऑर्डर कुणाला? भांडणाचा प्रश्न मुद्दाम विचारा, त्यातूनच माणसाचा स्वभाव कळतो.

फोन विमान-मोडवर टाकून बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, रुमालाची घडी करून त्यावर ठेवा. पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू ठेवून केलेलं रेकॉर्डिंग ऐकताच येत नाही, तेव्हा सकाळी सातची वेळ घ्या. एका तासाचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात, म्हणून पाऊण तासावर थांबा.

आणि नागपुरात राहिलेल्यांना सोडू नका. बदली सुदानला झाली तेव्हा मुलांच्या शाळा कुणी सांभाळल्या, सासऱ्यांचं आजारपण कुणी काढलं, फोन लागत नसताना पत्राची वाट किती दिवस पाहिली, हे काकूंना विचारा. बहुतेक स्मरणिकांत त्यांच्या वाट्याला ‘सौ.ची मोलाची साथ’ एवढे तीन शब्द येतात. निदान चार पानं द्या, त्यांच्याच बोलण्यात. परतल्यावर केलेलं कामही असंच हातून सुटतं. वस्तीतलं वाचनालय, रक्तदान शिबिरं, दवाखान्यातली फुकट ओपीडी. परदेशापुढे ते किरकोळ वाटतं, पण स्मरणिका वाचणारे निम्मे लोक त्यांना तिथूनच ओळखतात.

जे छापायचं नाही

रुग्णांचे, निर्वासितांचे ओळखू येणारे चेहरे नकोत. चाळीस वर्षांपूर्वी छावणीत काढलेला फोटो असला तरी त्या बाईची परवानगी तुमच्याकडे नाही. कुष्ठरोग, एचआयव्ही, हिंसाचार यांत तर अजिबात नको. ‘गोपनीय’ शिक्क्याचे संस्थेचे कागद वापरू नका. पत्रांचंही लक्षात घ्या: कागद ज्याला आला त्याचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो त्याच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षं चालतो. मित्राने लिहिलेलं पत्र छापायचं तर त्याच्या घरच्यांना विचारा. नकाशा टाकणार असाल तर भारताची बाह्यरेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. इंटरनेटवरचा जगाचा नकाशा उचलला की काश्मीर चुकतं आणि तो गुन्हा ठरतो. फक्त काम केलेला प्रदेश दाखवला तर हा प्रश्नच येत नाही.

मांडणी आणि छपाई

डेमी एक-अष्टमांश, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, हा आकार हाताला बरा. पानं १६ च्या पटीत ठेवा, कारण फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी केलेला पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा. ६४ पानं म्हणजे चार फर्मे, आणि एवढी जाडी मध्ये पिना मारून निभते. त्यापुढे गेलात तर चिकट बांधणी लागते आणि ती हलकी झाली की पानं सुटतात. ६४ पैकी १२ फोटोंना, ७ नाव-अनुक्रमणिका-कालपट-नकाशा यांना द्या. उरलेल्या ४५ पानांत, पानी २८० शब्द धरले तर साडेबारा हजार शब्द बसतात. त्यातले चार हजार चरित्राला, दोन हजार त्या एका निवडलेल्या कामाला, पाच हजारांत काकूंसह दहा जणांच्या आठवणी, उरलेले मूळ पत्रांना. लेखकांना ‘चारशे शब्द’ असं आधीच सांगा. न सांगितल्यास प्राचार्य झालेले पाहुणे अडीच हजार देतात आणि कापलं की रुसतात.

मजकुराला ८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, फोटोंना १३० चा आर्ट पेपर, कव्हरला ३०० चं आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर बोटांचे ठसे उठतात. दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल परवडतं, त्यावर ऑफसेट.

फॉन्टची चौकशी पहिल्या दिवशी करा. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये आणि प्रेसवाल्याचं काम जुन्या श्री-लिपी फॉन्टमध्ये असेल तर रूपांतरात रफार आणि अर्धी अक्षरं हलतात: ‘ऱ्या’चा ‘र्या’, ‘वर्ष’चा भलताच शब्द. रूपांतरानंतरचं प्रूफ नव्याने पूर्ण वाचावं लागतं. त्यासाठी लिखाणात नसलेला माणूस बसवा. परकी नावं एका कागदावर लिहून प्रेसवाल्याला द्या, नाहीतर पान १० वर वागाडुगू आणि पान ४० वर ऊगाडोगो होतं. सनावळ्या वेगळ्या बसून, तक्त्याशी एकेक ताडून पाहा.

सभा

सभागृह माणसांच्या अंदाजाने घ्या. सिव्हिल लाइन्सचं देशपांडे सभागृह भव्य आहे, पण ऐंशी माणसांत ते ओकंबोकं दिसतं. वाचनालयाचा किंवा सोसायटीचा हॉल बरा. एकूण दीड तास, सहा वक्ते, प्रत्येकी पाच मिनिटं, आणि सूत्रसंचालक असा की जो चिठ्ठी द्यायला कचरत नाही. मंत्री किंवा नगरसेवक येणार असतील तर त्यांना सुरुवातीलाच बोलू द्या. त्यांना निघायचं असतं, आणि ते निघताना अर्धी सभा उठते.

परदेशातले लोक ऑनलाइन यायचे असतील तर संध्याकाळी साडेसहा ही वेळ सोयीची. हिवाळ्यात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे आठ, जिनिव्हाला दुपारचे दोन, नैरोबीला चार वाजलेले असतात. मेलबर्नला मात्र मध्यरात्र. मार्चनंतर अमेरिका आणि युरोपची घड्याळं एक तास सरकतात, दोघांची तारीख वेगळी असते, तेव्हा निमंत्रणात प्रत्येक शहराची वेळ लिहूनच पाठवा. तरीही थेट बोलण्यावर सगळी भिस्त नको. दोन मिनिटांचा व्हिडिओ, फोन आडवा धरून, आदल्या आठवड्यात मागवा. हॉलचं वाय-फाय ऐनवेळी दगा देतं, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेले फोन हाताशी असू द्या.

छापून झाल्यावर

वीस प्रती बाजूला काढा: विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय, विद्यापीठाचं ग्रंथालय, शिकलेली शाळा-कॉलेज, जिथे काम केलं त्या देशातलं कार्यालय, आणि ज्यांनी लिहिलं त्या प्रत्येकाला एक. मूळ कागद कुणाला द्यायचे तर आधी फोन करून विचारा, घेतात का आणि कशात ठेवतात. यादी दोन प्रतींत करून, एकीवर सही-शिक्का घेऊन, मगच पेटी द्या. घरीच ठेवणार असाल तर पिना, स्टेपल, रबर बँड काढा. रबर आपल्या उन्हाळ्यात वितळून कागदाला चिकटतं आणि पिनांचा गंज पावसाळ्यात पसरतो. साध्या आम्लविरहित कागदात गुंडाळून पेटी जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको. दिवाळीच्या साफसफाईत वर्षातून एकदा उघडून कसर लागली का बघा. स्कॅन केलेल्या फायलींच्या दोन प्रती, एक घरात आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. फायलींना ‘आयएमजी ००४५’ असं नाव ठेवू नका. ‘१९७४-जून-आदिस-अबाबा-आईला-पत्र’ असं ठेवा.